काठाकाठाने : डोंगरातलं सरोवर होडीतून पाहताना

डोंगरातल्या सरोवरावर पहिल्यांदा होडी घेऊन जाणाऱ्याची नजर आधी मध्यभागाकडे जाते. पाणी सपाट, समोर शिखरं, खाली त्यांचं प्रतिबिंब. वाटतं, सरळ आत जावं. माझं सांगणं याच्या उलट आहे: सरोवर पाहायचं असेल तर काठ सोडू नका. मधल्या पाण्यावरून जो डोंगर दिसतो तो काठाजवळूनही दिसतोच. पण ओढ्यांची मुखं, पाण्यात उतरत गेलेले कातळ, बुडालेली खोडं, पाणवनस्पती, माशांची पिल्लं, पक्षी हे सगळं काठापासून हाकेच्या अंतरात असतं. आणि वारा सुटला, ढग भरून आले किंवा बरोबरच्याला हुडहुडी भरली, तर लागणारी जमीनही तिथेच असते. पाहण्याची उत्तम वाट आणि सुरक्षित वाट एकच असावी असं फार कमी ठिकाणी घडतं. इथे ते घडतं, म्हणून पुढची सगळी तयारी काठाकाठाने फिरण्याची आहे.

निघण्याआधी नकाशा वाचा

सरोवर कसं तयार झालं हे कळलं की त्याचा निम्मा स्वभाव कळतो. हिमनदीने कोरलेल्या दरीतलं सरोवर बहुधा लांबट, अरुंद आणि खोल असतं. दोन्ही बाजूंना उभे उतार आणि वरच्या टोकाला नदीने आणून टाकलेल्या गाळाचं सपाट मैदान. ज्वालामुखीच्या मुखातलं सरोवर साधारण गोल असतं आणि चहूबाजूंनी काठ तीव्र उताराचा. अमेरिकेतलं क्रेटर लेक असं आहे आणि त्याची खोली ५९४ मीटर आहे. दरड कोसळून नदी अडली की जुनं जंगल उभ्याउभ्या पाण्याखाली जातं. कझाकस्तानातलं कैंडी सरोवर १९११ च्या भूकंपात असंच तयार झालं आणि त्यातले स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचे बुंधे आजही पाण्याबाहेर डोकावतात. बघायला अप्रतिम, पण फुगवायच्या होडीला पृष्ठभागाच्या जरा खाली लपलेलं एक खोड पुरेसं असतं. धरणाचा जलाशय असेल तर पाण्याची पातळी बदलत राहते, त्यामुळे कालची उतरायची जागा आज चिखलात असू शकते. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी ओढून घेणारे दरवाजे यांच्या जवळपासही जाऊ नका. तिथे तरंगत्या खुणांची रांग लावलेली असते. ती हद्दच समजा.

आता समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा घ्या आणि काठ बोटाने फिरून बघा. जिथे रेषा काठाशी दाटीवाटीने आल्या आहेत तिथे उतार पाण्याखालीही बहुधा तसाच चालू राहतो. म्हणजे पाय टेकायला जागा नाही, होडी ओढून घ्यायला जागा नाही. जिथे रेषा लांब लांब आहेत तिथे वाळू, गोटे किंवा गवताचा सखल काठ मिळण्याची शक्यता जास्त. अशा प्रत्येक जागेवर पेन्सिलने फुली मारा. दोन फुल्यांमधलं अंतर हीच तुमच्या सहलीची खरी मोजपट्टी. नवख्या माणसाचा वल्हवण्याचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर धरावा. म्हणजे दोन किलोमीटरचा सलग कडा असेल तर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ कुठेही उतरता येणार नाही. पहिल्या खेपेला असा पट्टा टाळलेलाच बरा.

अंतर मात्र नकाशावरूनच मोजा, डोळ्यांनी नको. डोंगरातली हवा स्वच्छ असते आणि समोरचा काठ प्रत्यक्षापेक्षा जवळ वाटतो. शिवाय शिखरं इतकी मोठी असतात की मधलं पाणी लहान भासतं. समोर दिसणारा पांढरा ठिपका दगड आहे की घर, हे ठरवता येत नसेल तर तो काठ तुम्हाला वाटतोय त्याहून दूर आहे.

परवानगीचीही चौकशी आधीच करून ठेवा. काही सरोवरांत खासगी होडी उतरवायला बंदी असते, काहींचं पाणी पिण्यासाठी राखलेलं असतं, काही भाग पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद ठेवतात. पेट्रोलच्या इंजिनांना अनेक ठिकाणी मज्जाव असतो. जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या क्योनिगझे सरोवरात तर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या प्रवासी होड्या आहेत.

वाऱ्याचं घड्याळ

डोंगरातल्या सरोवराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दिवसा उन्हाने उतार तापतात, त्यांना लागलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला दरीच्या खालच्या अंगाची हवा वर वाहू लागते. रात्री उलट होतं: उतार लवकर थंड होतात, गार आणि जड हवा घरंगळत खाली येते आणि दरीतून खालच्या दिशेला वाहते. म्हणून आकाश निरभ्र असेल तर पहाटे वारा दरीच्या वरून खाली आणि दुपारी खालून वर. मधे, सकाळी काही काळ, हवा जवळजवळ थांबते. तोच तुमचा वेळ.

इटलीतल्या गार्डा सरोवरावर हे इतकं ठरलेलं आहे की दोन्ही वाऱ्यांना नावं आहेत. पहाटे-सकाळी उत्तरेकडून येतो तो पेलेर आणि दुपारी दक्षिणेकडून येतो तो ओरा. शिडाच्या होड्यांवाले त्यावर आपला दिवस आखतात. तुमच्या सरोवरावरच्या वाऱ्याला नाव नसेल, पण वेळापत्रक बहुधा असतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचलात तर काठावर बसून बघून घ्या: पाण्यावरच्या सुरकुत्या कोणत्या दिशेने धावतात, कधी थांबतात. आणि स्थानिक नावाड्याला विचारा. तो सांगेल ते हवामानाच्या अंदाजाहून जास्त कामाचं असतं, कारण अंदाज मोठ्या प्रदेशाचा असतो आणि दरी आपलं आपण वागते.

यावरून सुरुवात कुठून करायची तेही ठरतं. वरच्या टोकाकडून, म्हणजे जिथे नदी सरोवरात शिरते तिथून, निघालात तर सकाळची मंद झुळूक पाठीशी असते आणि उशीर झालाच तर दुपारचा वारा तुम्हाला परत सुरुवातीच्या जागी ढकलतो. खालच्या टोकाकडून, म्हणजे जिथून पाणी बाहेर पडतं तिथून, निघालात तर नेमकं उलट होतं: थकलेले असताना, दुपारी, वाऱ्याच्या तोंडावर परतावं लागतं. होडी घालायची सोय खालच्याच टोकाला असेल तर हरकत नाही, फक्त परतीची वेळ आणखी अलीकडे घ्या. शिवाय पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी प्रवाह हळूहळू जोर धरतो आणि तो वरून सहसा दिसत नाही. तिथून दूर राहूनच होडी पाण्यात घाला.

नियम सोपा ठेवा: उजाडताना पाण्यावर, दुपार व्हायच्या आत काठावर. ठरवलेल्या वेळाचा एक तृतीयांश भाग संपला की होडी वळवायची, कितीही छान चाललेलं असलं तरी. उरलेले दोन भाग परतीला.

वारा वाढतोय हे लाटांवरून ओळखा. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या आहेत तोवर ठीक. कुठेकुठे लाटांचे माथे फुटून पांढरे दिसू लागले की वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्ट मापनश्रेणीवर तो तिसरा टप्पा, ताशी १२ ते १९ किलोमीटर वारा. नवख्याने इथेच काठाला लागायचं. सगळीकडे पांढरे माथे दिसू लागले की चौथा टप्पा, ताशी २० ते २८ किलोमीटर, आणि हलक्या होडीतून वाऱ्याविरुद्ध जाणं तेव्हा नवख्याच्या आवाक्याबाहेर असतं. लाटा किती मोठ्या होतील हे वाऱ्याला मोकळं पाणी किती लांब मिळतं त्यावर ठरतं. म्हणून लांबट सरोवराच्या ज्या टोकाकडे वारा वाहतो तिथे लाटा सगळ्यात उंच असतात.

एक वारा फार फसवा: काठाकडून पाण्याकडे वाहणारा. तुम्ही उभे असता तिथे झाडांच्या आडोशाने पाणी अगदी शांत दिसतं, आणि पन्नास-शंभर मीटर आत गेलात की वारा होडी पकडून नेतो. फुगवायच्या होड्या पाण्यावर उंच तरंगतात, त्यामुळे त्या तर पानासारख्या वाहतात. अशा दिवशी एक तर जाऊ नका, नाही तर हात घातला की फांदी लागेल इतक्या जवळून जा.

गडगडाटाचा नियम वेगळा आणि त्यात सूट नाही. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर लगेच काठ गाठायचा, उघड्या काठावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पाण्यावर परतायचं नाही. दरीत ढग कड्यामागून येतो, त्यामुळे तो दिसेपर्यंत डोक्यावर आलेला असतो. ऐकू आलेला पहिला गडगडाट हीच सूचना समजा.

थंड पाणी

डोंगरातल्या सरोवराला वितळलेल्या बर्फाचं पाणी मिळत असतं. भर उन्हाळ्यातसुद्धा वरचा पातळ थर कोमट आणि त्याखाली एकदम गारठा, असं असू शकतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून खोल सरोवराच्या तळाशी वर्षभर त्याच सुमाराचं पाणी बसून असतं. वाऱ्याने वरचा थर एका बाजूला ढकलला की हे गार पाणी दुसऱ्या काठाला वर येतं. काल पोहलात तिथे आज हात घालवत नाही, असं यामुळे होतं.

पाण्याचं तापमान १५ अंशांच्या खाली असेल तर काय होतं ते कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी एक-दहा-एक या आकड्यांत बसवलं आहे. पहिलं १ मिनिट: धक्क्याने आपोआप मोठा श्वास ओढला जातो आणि धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. या मिनिटात एकच काम, तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात आणणं. पुढची १० मिनिटं: हातपाय चालतात, पण बोटांतली ताकद ओसरत जाते, होडीवर चढायचं ते याच वेळात. आणि साधारण १ तास: एवढा वेळ शरीर तग धरू शकतं, त्यानंतर थंडीने शुद्ध हरपते. पण त्या तासाचा उपयोग अंगात लाइफ जॅकेट असेल तरच. नसेल तर पोहता येणारा माणूसही दहा मिनिटांनंतर हात चालेनासे होऊन बुडतो. पट्टीचे पोहणारे यातून सुटत नाहीत, कारण प्रश्न पोहण्याच्या कौशल्याचा नसून गारठलेल्या स्नायूंचा आहे.

म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत पडलेलं नको. मापाचं आहे का बघायचं तर सगळे पट्टे आवळून घ्या आणि बरोबरच्याला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. लहान माप घ्या. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, ती त्याची तरंगवून धरण्याची ताकद. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, काठाजवळच्या पाण्यासाठी असतं. पोहता येत नसेल तर १०० किंवा जास्त न्यूटनचं, मानेमागे आधार असलेलं घ्या. एक शिटी जॅकेटला बांधून टाका.

कपडे हवेकडे बघून नव्हे, पाण्याकडे बघून घाला. सुती कपडा भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो आणि लवकर वाळत नाही. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे भिजूनही थोडी ऊब धरतात. वरून वारा अडवणारं जॅकेट. वल्हवताना उकडेल, तेव्हा थांबून एक थर काढा. कोरड्या कपड्यांचा एक जोड, टोपी आणि मोजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत होडीला बांधून ठेवा.

उंचीही विसरू नका. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तरुण आणि धट्ट्याकट्ट्यालाही. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरचं टिटिकाका सरोवर ३८१२ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी असतो. पोहोचल्या दिवशी वल्हं हातात घेऊ नका; एक-दोन दिवस काठावर फिरा. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर होडी तशीच राहू द्या. दर हजार मीटरला अतिनील किरणं १० ते १२ टक्क्यांनी वाढतात, म्हणून ढगाळ दिवशीही सनस्क्रीन, गॉगल आणि लांब बाह्या.

होडी कोणती

पहिल्या खेपेला भाड्याची रुंद, सपाट तळाची वल्ह्यांची होडी किंवा वर बसायची रुंद कयाक (दोन्ही टोकांना पातं असलेल्या एका वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घ्या. दोन्ही डुलतात कमी. कयाकमधून पडलात तर पुन्हा चढणंही तुलनेने सोपं. अरुंद, वेगवान होड्यांकडे अजून वळू नका.

फुगवायची होडी असेल तर एक बारकावा: काठावर उन्हात कडक फुगवलेली होडी गार पाण्यात उतरताच थोडी मऊ पडते, कारण आतली हवा आकसते. दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि मग पुन्हा पंप मारा. उलट, मधे थांबून ती उन्हात ओढून ठेवलीत तर हवा फुगते. थोडी सोडून द्या, नाही तर शिवण उसवते.

पेट्रोलच्या इंजिनाची ताकद उंचीवर कमी होते, दर हजार मीटरला सुमारे १० टक्के. विजेच्या मोटरला हा त्रास नाही, आणि तिच्या आवाजाने पक्षीही उडत नाहीत. इंजिन कुठलंही असो, वल्हं बरोबर हवंच. इंजिन चालू असताना बंद करण्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी.

चढणं आणि वल्हवणं

होडीत चढताना उभं राहून उडी नाही. होडी काठाला समांतर घ्या, एकाने ती धरून ठेवायची. वाकून दोन्ही हात होडीच्या दोन्ही कडांवर ठेवा, एक पाय नेमका मध्यरेषेवर टाका, मग दुसरा, आणि लगेच खाली बसा. जड सामान तळाशी आणि मधोमध. माणसं अशी बसवा की होडीचं पुढचं टोक किंचित वर राहील. जागा बदलायची असेल तर काठाला लागून बदला.

वल्ह्यांच्या होडीत तुम्ही पाठमोरे बसता. पाय समोरच्या आडव्या पट्टीला रेटून ठेवा. हात सरळ, कमरेतून पुढे झुका, पातं जेमतेम बुडेल इतकंच पाण्यात घाला, आणि आधी पायांनी रेटा, मग पाठीने, शेवटी कोपर वाकवून हातांनी. पातं खोल गेलं तर ते पाण्यात अडकतं आणि मूठ पोटात बसते. नवख्यांचा दम इथेच जातो. नुसत्या दंडांनी ओढणारा वीस मिनिटांत थकतो, पायांनी रेटणारा दोन तास आरामात जातो. थांबायचं असेल तर दोन्ही पाती पाण्यात आडवी धरून ठेवा. वळायचं असेल तर एक वल्हं ओढा आणि दुसरं ढकला. पहिली पंधरा मिनिटं निघायच्या जागेसमोरच हे तीन प्रकार करत राहा. हात बसल्याशिवाय पुढे जाऊ नका. कयाकमध्ये तोंड पुढे असतं आणि ताकद खांद्यांतून नव्हे, धड वळवण्यातून येते: पातं पायांजवळ बुडवा, कमरेजवळ बाहेर काढा.

सरळ रेषेत जाताय की वारा तुम्हाला वाहवतोय, हे कळायला दोन खुणा घ्या: जिकडे जायचंय त्या काठावरचा एक दगड आणि त्याच्या बरोबर मागे दूरचं एक झाड किंवा शिखराचं टोक. दोन्ही एका रेषेत दिसताहेत तोवर मार्ग बरोबर. दगड झाडाच्या डावीकडे सरकला तर तुम्ही उजवीकडे वाहत आहात. डावीकडे होडी वळवा. जवळची खूण ज्या बाजूला सरकते तिकडे वळायचं, एवढं पाठ ठेवा. खाडीसारखा आत गेलेला भाग ओलांडताना हे फार उपयोगी पडतं, कारण तेवढ्यापुरता काठ सोडावा लागतो. खाडी रुंद असेल तर तीही वळसा घालूनच करा. वेळ जातो, पण आतल्या कोपऱ्यातच बहुधा ओढा मिळतो.

लाटा आल्याच तर होडी त्यांना आडवी होऊ देऊ नका. पुढचं टोक लाटेला तिरकं ठेवा, खाली बसा, आणि वल्हवणं थांबवू नका. चालती होडी थांबलेल्या होडीपेक्षा स्थिर असते.

काठ पाहताना

इथे घाई नको. काठापासून वीस-तीस मीटरवरून चालवा. झाडी आणि सखल किनारा असेल तर आणखी जवळ. मधूनमधून वल्ही आत घ्या आणि होडी तरंगत राहू द्या. पाती थांबल्यावर मिनिटभराने पक्षी पुन्हा बोलायला लागतात, मासे काठाशी परत येतात. घरटी असलेल्या वेताच्या किंवा गवताच्या पट्ट्यापासून मात्र लांब राहा. पक्षी मान उंच करून बघायला लागला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात.

सर्वांत जास्त वेळ ओढ्याच्या मुखाशी द्या. वाहतं पाणी सरोवरात शिरताच मंदावतं आणि आणलेला गाळ टाकून देतं: आधी गोटे, मग वाळू, सगळ्यात शेवटी बारीक माती. त्यामुळे मुखापासून आत जाताना तळाचा पोत टप्प्याटप्प्याने बदलताना दिसतो. ओढ्याचं पाणी सरोवरापेक्षा गार असेल तर ते तळाशी बुडी मारतं, आणि स्वच्छ व गढूळ पाण्यामधली सीमारेषा होडीतून स्पष्ट दिसते. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हात घालून बघा. फरक बोटांना कळतो. गाळाची जीभ मात्र पाण्याखाली लांबवर पसरलेली असते आणि तिच्या कडेला तळ एकदम खोल जातो. तिच्यावर उतरून आतल्या बाजूला चालत जाऊ नका, कड पायाखालून सुटते.

हिमनदीचं पाणी येत असेल तर सरोवर निळंहिरवं, दुधाळ दिसतं. हिमनदी खडक दळत पुढे सरकते, आणि ते पिठासारखे बारीक कण पाण्यात तरंगत राहून प्रकाश विखुरतात. अशा पाण्यात हातभर खालचा दगडही दिसत नाही, म्हणून काठाजवळ वेग अगदी कमी ठेवा. काचेसारखं स्वच्छ पाणी वेगळ्या तऱ्हेने फसवतं: प्रकाश वाकल्याने वरून सरळ बघताना खोली खऱ्याच्या पाऊणपट दिसते. गुडघाभर वाटलं म्हणून पाय टाकावा आणि पाणी मांडीला लागावं, असं होतं. उतरण्याआधी वल्हं उभं धरून खोली मोजा.

पाणी किती स्वच्छ आहे ते मोजायची जुनी आणि सुंदर पद्धत आहे. १८६५ मध्ये इटलीतले खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. सरोवरांसाठी आता २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्यापांढऱ्या चार चतकोरांत रंगवलेली तबकडी वापरतात. ती घरीही करता येते: तबकडी, मधे भोक, खाली वजन, आणि अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारलेली दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी झाली ती खोली घ्या, वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली घ्या, आणि दोन्हींची सरासरी काढा. ओढ्याच्या मुखाशी, काठाच्या खाचेत आणि मोकळ्या पाण्यात असं तीन ठिकाणी करून पाहिलंत की एकाच सरोवरात किती वेगवेगळी पाणी नांदतात ते समजतं. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या हातात दोरी द्या.

काठाला धरून राहण्याच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे: उभा कडा. कड्याखालून, धबधब्याजवळून जाण्याचा मोह आवरत नाही, पण दगड कधी सुटेल याची सूचना मिळत नाही. ८ जानेवारी २०२२ रोजी ब्राझीलमधल्या फुर्नास जलाशयात कड्याचा अखंड सुळका पर्यटकांच्या होड्यांवर कोसळला आणि १० माणसं गेली. पावसाचे दिवस होते. कड्यापासून निदान त्याच्या उंचीइतकं अंतर ठेवा. पाऊस चालू असताना, पाऊस नुकताच पडून गेल्यावर किंवा बर्फ वितळत असताना तिकडे फिरकूच नका. पाण्यात ताजे, टोकदार, शेवाळ न चढलेले दगड दिसले किंवा वरून खडे पडण्याचा आवाज आला, तर तिथून लगेच बाहेर पडा.

मधे उतरलात तर होडी पूर्ण पाण्याबाहेर ओढा आणि दोरी झाडाला किंवा मोठ्या दगडाला बांधा. नांगरावर विसंबू नका. उभ्या उताराच्या तळावर तो पकड घेत नाही. वारा थांबल्यावरही सरोवराचं पाणी हौदातल्यासारखं या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावत राहतं. एकोणिसाव्या शतकात स्विस शास्त्रज्ञ फ्रांस्वा-आल्फाँस फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरात याचाच अभ्यास केला. काठावर अर्धवट ठेवलेली होडी तेवढ्या चढउताराने तरंगून निघून जाऊ शकते, आणि कड्यांनी वेढलेल्या जागी मग चालत परतायची वाट नसते.

सूर्य पंचांगातल्या वेळेला मावळेल असं धरू नका. तो कड्याआड तासभर आधी जातो आणि ऊन गेल्याबरोबर गारठा सुरू होतो.

होडी उलटली तर

होडी सोडायची नाही. ती तरंगत राहते, दुरून दिसते, आणि पोहणाऱ्याच्या डोक्यापेक्षा शोधायला कितीतरी सोपी असते. पहिलं मिनिट फक्त श्वासाला द्या. मग एकमेकांना हाक मारून सगळे आहेत का ते बघा. कयाक असेल तर ती सरळ करा, मधल्या भागाशी या, पाय पाण्यावर आडवे मारत पोट कयाकवर ओढून घ्या, मग वळून बसा. मोठी होडी असेल तर कडेवरून चढू नका, ती पुन्हा उलटते. मागच्या बाजूने चढा. चढता येत नसेल तर निदान छाती तरी उलट्या होडीवर घ्या, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगाची ऊब ओढून घेतं. तेही जमलं नाही तर जॅकेटच्या आधाराने गुडघे छातीशी घ्या, हात काखेत दाबा, आणि एकाहून जास्त जण असाल तर एकमेकांना बिलगून राहा. काठाकडे पोहायचं ते काठ अगदी जवळ असेल तरच. काठाकाठाने चालला होतात तर तो असेलच.

हे सगळं निघण्यापूर्वी एकदा, उन्हात, कमरेइतक्या पाण्यात करून बघा. कोरड्या जमिनीवर वाचलेलं गारठलेल्या हातांना आठवत नाही, केलेलं आठवतं.

डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असं नाही. मदतीसाठी शिटी: मिनिटभरात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. कुणी ऐकलं असेल तर मिनिटाला तीन शिट्यांनी उत्तर येतं. आणि निघण्याआधी काठावरच्या एखाद्या माणसाला सांगून ठेवा: किती जण, कोणत्या रंगाची होडी, कोणत्या काठाने, किती वाजता परत, आणि त्या वेळेनंतर किती वाट बघून शोध सुरू करायचा.

परत आल्यावर

ज्याला सांगून गेलात त्याला आधी कळवा, नाही तर माणसं उगाच अंधारात पाण्यावर उतरतील.

मग होडीकडे वळा. दुसऱ्या पाण्यातली शेवाळं, शिंपल्यांची पिल्लं, वनस्पतींचे तुकडे होडीला चिकटून येतात आणि नव्या सरोवराचा कायमचा नाश करू शकतात. डिडिमो नावाचं शेवाळ २००४ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सापडलं.  ओल्या सामानावरचा एक थेंबही ते पसरवायला पुरतो. तिथे तेव्हापासून तपासा, धुवा, वाळवा हा नियम आहे. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर २००८ पासून मोटरच्या होड्या पाण्यात घालण्याआधी तपासतात. तुम्हाला कुणी तपासो न तपासो, हे करा: होडीच्या तळाला, वल्ह्यांच्या सांध्यांना आणि दोरीच्या पेडांत अडकलेलं गवत, चिखल काढून तिथेच काठावर, पाण्यापासून दूर टाका. आत साचलेलं पाणी पूर्ण उपसा, फुगवायच्या होडीच्या घड्या उघडून बघा, बुटांचे तळवे घासा. सगळं हाताला कोरडं लागेपर्यंत वाळवा, आणि त्यानंतर आणखी ४८ तास गेल्याशिवाय ती होडी दुसऱ्या सरोवरात घालू नका. लाइफ जॅकेट गोड्या पाण्यात खळबळून सावलीत टांगा. उन्हात त्याचं कापड विरतं.